मैदानाकडे पाठ, माणसांकडे तोंड : आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धेत स्वयंसेवक व्हायचं असेल तर

३० नोव्हेंबर २०२२ची रात्र. दोहाच्या स्टेडियम ९७४मध्ये फुटबॉल विश्वचषकातला अर्जेंटिना आणि पोलंडचा सामना चालू होता. पहिला हाफ संपत आला असताना आतून एकदम आरोळी उठली आणि अर्ध्यावरच मोडली. मी त्या वेळी प्रेक्षकांच्या स्टँडमागच्या पॅसेजमध्ये होते. काठी टेकत चालणाऱ्या अर्जेंटिनाच्या एका आजोबांना टॉयलेटपर्यंत घेऊन चालले होते. आजोबा थबकले आणि माझ्या तोंडाकडे बघू लागले. मला तरी काय सांगता येणार होतं? मेस्सीची पेनल्टी पोलंडच्या गोलकीपरनं अडवली, हे आम्हाला दोन मिनिटांनी समोरून येणाऱ्या एका पोराकडून कळलं. आजोबांनी डोळे मिटून कपाळाला हात लावला. मग पुन्हा काठी पुढे टाकली, कारण टॉयलेटला तर जायचंच होतं.

स्वयंसेवकाचं काम हे असं असतं. मला आजही पहिला प्रश्न येतो तो, ‘मॅच फुकट बघायला मिळते ना?’ नाही मिळत. कधी चुकून दहा मिनिटं मिळतात. गळ्यातलं कार्ड कामाच्या जागेवर जाण्यापुरतं असतं, ते सीटचं तिकीट नसतं. तुम्हाला खेळ बघायचा असेल तर तिकीट काढा आणि मजेत बघा, त्यात कमीपणा काही नाही. पण हजारो अनोळखी माणसांच्या गर्दीत जो गोंधळला आहे, त्याला वाट दाखवण्यात तुम्हाला आनंद वाटत असेल, तर पुढचं वाचा. मुंबईत मॅरेथॉनला पाणी वाटण्यापासून मी सुरुवात केली. २०१७मध्ये नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर सतरा वर्षांखालच्या मुलांचा फुटबॉल विश्वचषक झाला, त्यात काम केलं. पुढे नवऱ्याच्या नोकरीमुळे दोहात राहत असताना कतारचा विश्वचषक मिळाला. त्या सगळ्यातून जे कळलं ते इथे सांगते.

स्पर्धा किती आहे, याचा अंदाज घ्या

लंडन ऑलिंपिकला २०१२मध्ये ७० हजार स्वयंसेवक लागले, अर्ज आले सुमारे २ लाख ४० हजार. पॅरिसला २०२४मध्ये ४५ हजार जागांसाठी ३ लाखांहून जास्त अर्ज होते. कतारला तर २० हजार जागांसाठी ४ लाखांवर अर्ज आले, म्हणजे वीस जणांत एक. शिवाय त्या २० हजारांतले सुमारे १७ हजार कतारमध्येच राहणारे होते आणि बाहेरून आलेले फक्त ३ हजारांच्या आसपास. हे गणित नीट समजून घ्या. आयोजकांना स्थानिक माणूस परवडतो. त्याला घर असतं, रस्ते माहीत असतात, व्हिसाचा प्रश्न नसतो. म्हणून माझा आग्रह असा, की आधी तुमच्या घराजवळ येणारी स्पर्धा बघा. आखातात राहणाऱ्या मराठी माणसासाठी ती दोहातली २०३०ची आशियाई स्पर्धा आहे. महाराष्ट्रातल्या माणसासाठी २०३०ची राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला आहे, मुंबईहून एका रात्रीच्या रेल्वेप्रवासावर. अमेरिकेत स्थायिक झालेल्यांसाठी लॉस एंजेलिसचं ऑलिंपिक १४ जुलै २०२८ला सुरू होतंय आणि त्यात क्रिकेट आहे. क्रिकेटला ऑलिंपिकमध्ये परत घेण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३मध्ये आपल्या मुंबईतच झाला होता.

अर्जाची खिडकी केव्हा उघडते, याचं एकच एक वेळापत्रक नसतं. लंडनचे अर्ज २०१०च्या सप्टेंबरात सुरू झाले, जवळजवळ दोन वर्षं आधी. पॅरिसचे २०२३च्या २२ मार्च ते ३ मे एवढेच दिवस होते. कतारचे स्पर्धेच्या आठच महिने आधी, मार्च २०२२मध्ये सुरू झाले. म्हणून दोन वर्षं आधीपासून दर महिन्याच्या एक तारखेला स्पर्धेच्या अधिकृत संकेतस्थळावर डोकवायचं, अशी फोनवर आठवण लावून ठेवा. बातमी पेपरात येईपर्यंत निम्मी मुदत गेलेली असते.

पहिली पायरी गावातली

अर्जात ‘याआधीचा अनुभव’ असा रकाना असतोच. तो रिकामा राहू नये म्हणून आतापासून कामाला लागा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीत तिसऱ्या रविवारी होते, पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन डिसेंबरच्या पहिल्या रविवारी. दोन्हींना भरपूर हात लागतात. कॉलेज, एनसीसी, सामाजिक संस्था यांच्यामार्फत शिरकाव सोपा होतो.

मॅरेथॉनचं पाण्याचं टेबल ही उत्तम शाळा आहे. पाणी देताना बाटली मुठीत आवळून धरायची नाही. तळहातावर मोकळी ठेवायची, हात पुढे करायचा आणि धावणारा जवळ आला की त्याच्या वेगानं हात थोडा मागे न्यायचा. मग बाटली हिसकावी लागत नाही, अलगद जाते. पहिल्या टेबलाशी नेहमी झुंबड उडते, म्हणून ‘पुढे पण पाणी आहे’ असं ओरडत राहणारा एक जण तिथे हवाच. मुंबईत शक्य झालं तर पेडर रोडच्या चढावरची जागा मागून घ्या. पूर्ण मॅरेथॉनवाल्यांना तो चढ शेवटच्या टप्प्यात लागतो, तेव्हा पाय बोलत असतात. तिथे पाण्याइतकीच ‘चला, संपत आला चढ’ या दोन शब्दांची गरज असते. थकलेल्या माणसाशी कसं बोलायचं ते मी तिथे शिकले.

आणि हो, आपल्याकडे जो अनुभव घरोघरी आहे तो लोक अर्जात लिहीतच नाहीत. गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत दोर धरून गर्दी सांभाळलीत? वारीत दिंडीला पाणी वाटलंत, मुक्कामाच्या जागी स्वयंपाकाची व्यवस्था पाहिलीत? शाळेच्या क्रीडा महोत्सवात नोंदणीच्या टेबलावर बसलात? हे सगळं गर्दीचं व्यवस्थापन आहे. फक्त परक्या माणसाला कळेल असं लिहा. ‘मंडळाचं काम केलं’ यातून त्याला काही बोध होणार नाही. ‘दहा तास चाललेल्या मिरवणुकीत बारा जणांच्या गटासह रस्ता मोकळा ठेवला, तीन हरवलेली मुलं आईबापांपर्यंत पोचवली’ असं लिहिलंत तर लगेच कळेल. आकडे मात्र खरे लिहा, मुलाखतीत त्यावरच बोट ठेवतात.

अर्ज भरताना

नाव पासपोर्टवर जसं आहे अगदी तसंच. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मधे घालायचं की नाही, आडनाव आधी की नंतर, यात दर कागदावर वेगळा प्रकार असतो. सुरक्षा तपासणी त्याच नावावर होते, त्यामुळे एका अक्षराचा फरकही अडकवतो. पासपोर्टची मुदत स्पर्धेनंतर किमान सहा महिने उरेल ना, तेही आताच बघा.

वयाची अट बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण अशी असते, पण ते १८ कोणत्या तारखेला पूर्ण हवेत ते वाचा. पॅरिसला १ जानेवारी २०२४ ही तारीख धरली होती. स्पर्धेच्या वेळी मूल अठराचं असूनही काही जण तिथेच गळाले.

भाषांच्या रकान्यात मराठी, हिंदी लिहायला लाजू नका. कतारमध्ये भारतीय प्रेक्षक भरपूर होते, मला मल्याळम येत नाही याची तिथे रोज हळहळ वाटायची. पण जितकं येतं तितकंच लिहा. ‘फ्रेंच मध्यम’ लिहून ठेवलंत आणि उद्या घाबरलेल्या आईशी फ्रेंचमधून बोलायची वेळ आली, तर त्रास तिला होणार आहे.

‘तुम्हाला स्वयंसेवक का व्हायचंय?’ या प्रश्नाला ‘खेळाची आवड’ हे उत्तर लाखभर जणांनी दिलेलं असतं. तुम्ही एक प्रसंग द्या, छोटासा, घडलेला. उपलब्ध दिवसांबद्दल काटेकोर राहा. पॅरिसनं किमान दहा दिवस मागितले होते, कतारनं किमान दहा शिफ्ट. ‘जमेल तसं’ म्हणणारा उमेदवार मागे पडतो.

अर्ज करायला पैसे लागत नाहीत. हे ठळकपणे सांगते, कारण प्रत्येक मोठ्या स्पर्धेआधी ‘नोंदणी शुल्क भरा, जागा पक्की’, ‘व्हॉलंटिअर व्हिसा काढून देतो’ असे मेसेज फिरतात. पैसे मागितले की ते बनावट समजा आणि पासपोर्टची प्रत पाठवू नका. दुसरीकडे खरा मेल मात्र कित्येकदा स्पॅममध्ये जाऊन पडतो. मुलाखतीचं आमंत्रण ठरावीक दिवसांत स्वीकारलं नाही तर जागा दुसऱ्याला जाते, म्हणून तो डबाही रोज उघडा.

मुलाखत

माझी गटात झाली. आठ-दहा अनोळखी माणसांना एका टेबलाभोवती बसवून एक काम दिलं. अशा वेळी सगळ्यात जास्त बोलणारा निवडला जातो असा आपला समज असतो. मला जे दिसलं ते उलट होतं. गप्प बसलेल्या एका बाईंना ‘तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारणारा मुलगा पुढे आमच्याच स्टेडियमवर टीमचा प्रमुख म्हणून भेटला. एकट्याची मुलाखत असेल, ऑनलाइन असेल, तर ‘एखादा प्रेक्षक चिडून अंगावर आला तर काय कराल?’ या धर्तीचे प्रश्न येतात. सरळ उत्तर द्या: ऐकून घेईन, आवाज खाली ठेवीन, माझ्या हातात नसेल तर वरिष्ठांना बोलावीन. शौर्य दाखवायची ही जागा नव्हे.

पैसे, व्हिसा, रजा

साधारणपणे मिळतं ते असं: गणवेश, ड्यूटीच्या दिवशी जेवण, शहरातला प्रवास. विमानाचं तिकीट स्वतःचं. राहण्याचं मात्र स्पर्धेगणिक बदलतं. कतारनं बाहेरून आलेल्यांची राहायची सोय केली होती, पॅरिसनं केली नव्हती. ऑलिंपिकच्या दिवसांत त्या शहरात हॉटेलचे दर काय होतात ते वेगळं सांगायला नको. म्हणून परदेशात जाणार असाल तर निवड पक्की झाल्याच्या दिवशीच राहण्याचं बघा. नातेवाईक, कॉलेजचा जुना मित्र, तिथलं महाराष्ट्र मंडळ, कुणालाही विचारायला संकोच नको. खर्चाच्या यादीत आरोग्य विमा आणि एक जास्तीचा बुटांचा जोड धरा.

व्हिसाबाबत एक चूक टाळा. बिनपगारी काम आहे म्हणजे पर्यटक व्हिसा चालेलच, असं गृहीत धरू नका. प्रत्येक देशाचा नियम निराळा असतो. आयोजकांना लेखी विचारा, दूतावासाच्या संकेतस्थळावर पडताळा आणि उत्तराचा कागद सोबत ठेवा. विमानतळावरच्या अधिकाऱ्याला खोटं सांगायची वेळ स्वतःवर आणू नका.

रजेचं ऑफिसात आधी बोला, निवडीनंतर नाही. कॉलेजात असाल तर परीक्षेच्या तारखा बघा. ऐन वेळी गळणाऱ्या प्रत्येक स्वयंसेवकाचं काम शेजारी उभ्या असलेल्याच्या अंगावर पडतं.

काम कोणतं मागावं

अर्जात आवडीची दोन-तीन कामं विचारतात. सगळ्यांना खेळाडूंजवळ जायचं असतं, म्हणून तिथे सगळ्यात मोठी रांग. गर्दीला मार्गदर्शन, प्रवेशद्वारावर मदत, दिव्यांग आणि वृद्ध प्रेक्षकांची सोय, या कामांना माणसं सर्वात जास्त लागतात. माझ्या मते खरी मजाही तिथेच आहे. ज्यांना मोकळ्या जागेत उभं राहणं झेपत नाही त्यांनी अ‍ॅक्रेडिटेशन म्हणजे ओळखपत्रांचं केंद्र किंवा पत्रकार कक्ष मागावा. वाहन चालवता येत असेल तर ते लिहा.

उत्तेजक चाचणीच्या विभागातलं एक काम फार थोड्यांना ठाऊक असतं. चाचणीसाठी निवडलेल्या खेळाडूला निरोप मिळाल्यापासून तो चाचणी कक्षात पोचेपर्यंत एक सोबती त्याच्यावर सतत नजर ठेवून असतो. खेळाडू हरून रडत असेल, जिंकून नाचत असेल, प्रशिक्षकाच्या गळ्यात पडला असेल, सोबत्यानं दोन पावलांवर शांत उभं राहायचं. बोलका माणूस तिथे कामाचा नाही. अबोल, सावध स्वभावाच्या मुलामुलींना मी आवर्जून हे सुचवते.

प्रशिक्षण : नकाशा पाठ करा

प्रशिक्षणाचे साधारण तीन टप्पे असतात: सर्वांसाठीचं, तुमच्या कामाचं आणि तुमच्या स्टेडियमचं. पहिला ऑनलाइन असला तर लोक व्हिडिओ नुसते पुढे ढकलतात. तसं केलंत तरी चालेल एकवेळ, पण स्टेडियमचा टप्पा चुकवू नका. त्या दिवशी मोकळ्या वेळात संपूर्ण फेरी पायी मारा आणि वहीत लिहा: जवळचं टॉयलेट, व्हीलचेअरची लिफ्ट, पाणी, प्रथमोपचार, हरवलेल्या मुलांची जागा, प्रार्थनेची खोली, मेट्रोचा किंवा बसचा रस्ता. सामन्याच्या दिवशी विचारल्या जाणाऱ्या दहापैकी नऊ प्रश्नांची उत्तरं त्या यादीत असतात.

नऊच म्हणते, कारण दहावा प्रश्न कुठूनही येतो. तेव्हा ‘मला माहीत नाही, पण विचारून सांगते, इथेच थांबा’ म्हणायचं. हा धडा मला महागात पडला. एका स्पर्धेत मी व्हीलचेअरवरच्या एका काकांना खात्री नसताना ठामपणे एका दारावर पाठवलं. तिथे उतार नव्हता, पायऱ्या होत्या. त्यांच्या मुलीनं त्यांना उन्हात पुन्हा एवढं मोठं अंतर ढकलत आणलं. मी माफी मागितली, त्यांनी मोठ्या मनानं ‘असू दे बेटा’ म्हटलं, पण तो चेहरा अजून आठवतो. त्या दिवसापासून खात्री नसलेल्या दिशेला माझा हात उठत नाही.

चार गोष्टी इथेच सांगून टाकते. व्हीलचेअरला हात लावण्याआधी बसलेल्या माणसाला विचारा; खुर्ची हा त्याच्या शरीराचाच भाग समजा. बोलायचं त्याच्याशी, मागे उभ्या नातेवाइकाशी नाही. अंध व्यक्तीचा दंड धरून ओढू नका, आपलं कोपर पुढे करा, ती स्वतः धरेल. हरवलेलं मूल दिसलं तर त्याच्या उंचीला खाली बसा, दुसऱ्या स्वयंसेवकाला जवळ बोलवा, वरिष्ठांना कळवा आणि शक्यतो आहात तिथेच थांबा, कारण आईबाप आधी तिथेच परत येतात. मुलाचं नाव मोठ्यानं पुकारू नका. ऐकून कुणीही येऊ शकतं.

ड्यूटीचा दिवस

घरून पोटभर खाऊन निघा. दिलेलं जेवण केव्हा हातात पडेल सांगता येत नाही, आणि शाकाहारी डबा संपलेला असण्याची शक्यता धरूनच चाला. माझ्या पिशवीत दशम्या किंवा चिक्की असायचीच. आत काय न्यायला परवानगी आहे ते मात्र आधी बघा.

बूट जुने, पायाला बसलेले. नवे कोरे बूट घालून आलेल्या मुली तिसऱ्या तासाला भिंतीला टेकलेल्या मी पाहिल्या आहेत. मोज्यांचा दुसरा जोड खिशात ठेवा, मधल्या सुट्टीत बदला, फार फरक पडतो. ऑक्टोबरमधल्या नव्या मुंबईत घामानं जीव जातो, म्हणून लिंबू-मीठ-साखरेचं पाणी. पाणी प्यायलं की टॉयलेटला जावं लागतं म्हणून न पिणाऱ्या बायका खूप असतात. कृपा करून असं करू नका. शेजारणीला सांगून पाच मिनिटं जाऊन या.

शिफ्टच्या तासभर आधी पोचा. सुरक्षा तपासणी, हजेरी, गणवेशाची पाहणी, मग प्रमुखाची सूचनांची बैठक. त्या बैठकीत कान उघडे ठेवा, कारण कालचं खुलं दार आज बंद असू शकतं. वॉकी-टॉकी मिळाला तर बटण दाबून एक क्षण थांबून मगच बोला, नाहीतर पहिला शब्द कापला जातो. आधी कोणाला बोलावताय ते, मग तुम्ही कोण, मग जागा आणि अडचण. आजारी माणसाचं नाव रेडिओवर घेऊ नका.

खरी कसोटी सामना सुटल्यावर. हजारो माणसं एकाच वेळी एकाच रस्त्यावर येतात, कुणी हरलेलं, कुणी नाचणारं. बोट दाखवून चालत नाही, पूर्ण हात लांब करा, तळवा उघडा ठेवा, एकच छोटं वाक्य पुन्हा पुन्हा म्हणा. दोहात सूक वाकिफ या जुन्या बाजाराजवळ उंच खुर्चीवर बसून फोमचा मोठा हात हलवत ‘मेट्रो? धिस वे’ असं तालात म्हणणारा केनियाचा एक तरुण जगभर गाजला. तो पगारी मार्शल होता, स्वयंसेवक नव्हता, पण आम्ही सगळे त्याच्याकडून शिकलो. तालातलं वाक्य माणसाला चिडू देत नाही. दुसऱ्या दिवसापासून आमच्या रांगेतही प्रत्येकाची आपापली चाल तयार झाली.

कतारमध्ये गटसाखळीत शेवटचा सामना रात्री दहाला सुरू व्हायचा. घरी पोचेपर्यंत पहाटेचे अडीच-तीन. परत कसं जाणार, हे निघण्याआधीच ठरवून ठेवा आणि घरच्यांना सांगून ठेवा. निघताना हजेरीची सही विसरू नका. शिफ्टचा हिशेब त्यावरच होतो.

कार्डाची आब राखा

ओळखपत्राचा फोटो समाजमाध्यमांवर टाकू नका. त्यावरचे संकेत आणि बारकोड पाहून बनावट कार्डं बनतात. खेळाडूकडे सही किंवा सेल्फी मागायची नाही, कितीही जवळून गेला तरी. आतल्या भागातले फोटो, कुणाला दुखापत झाली, संघात कोण आहे, यातलं काहीही बाहेर सांगायचं नाही, घरच्या ग्रुपवरसुद्धा नाही. सट्टा लावणारे अशाच छोट्या बातम्यांच्या शोधात असतात. गणवेश अंगावर असताना तिकिटाची देवघेव तर अजिबात नको. असल्या चुकीला कार्ड काढून घेतात आणि त्याच वेळी घरी पाठवतात.

परत आल्यावर

प्रमाणपत्र येतं, जाकीट राहतं. पण आठ दिवसांच्या आत एक काम करा. कोणत्या दिवशी कुठे उभे होतात, काय अडचण आली, तुम्ही काय केलंत, हे वहीत तारखेसकट लिहून ठेवा. पुढच्या अर्जातले प्रसंग इथूनच येतात. टीमच्या प्रमुखाला आभाराचा मेल पाठवा आणि पुढे संदर्भ म्हणून नाव देऊ का, ते विचारा. मोठ्या स्पर्धांमध्ये तीच ती माणसं पुन्हा भेटतात.

अहमदाबादची तयारी करणाऱ्यांसाठी माझा हिशेब असा: येत्या डिसेंबरात पुण्याचं पाण्याचं टेबल, जानेवारीत मुंबईतला पेडर रोड, दरम्यान प्रथमोपचाराचा एक छोटा अभ्यासक्रम, आणि थोडी गुजराती. ‘डावी बाजू’ला ते ‘डाबी बाजू’ म्हणतात आणि उजवीला ‘जमणी’. एवढ्यावर पहिला दिवस निभावतो.